चेहरा मागणारे पेंटर

पेल्याच्या काठावर ब्रश झटकल्याचा आवाज आला. टण्, टण्.

दुपारचं घर गप्प होतं. लाइन गेलेली, पंखा बंद. सासूबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या आणि रंजी माझ्या मांडीवर पेंगत होती. त्या आवाजासरशी सासूबाईंनी डोळे उघडले. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मागच्या सपरीतून, म्हणजे पडवीतून, टर्पेंटाइनचा वास घरात येत होता. लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो वास मी घेतला होता, नंतर कधी नाही.

"बसला वाटते बुढा," सासूबाई हळूच म्हणाल्या. "जाऊ नको वं तिकडं. बसू दे त्याले."

बुढा म्हणजे माझे सासरे, सेवादास राठोड. मी त्यांना मामाजी म्हणते, सासूबाईंना मामीजी. मानोऱ्यात आणि आजूबाजूच्या तांड्यांवर त्यांचं आडनाव कोणाला ठाऊक नाही, सगळे सेवादास पेंटर म्हणतात. ते विनोदचं चित्र काढायला बसले होते. विनोद त्यांचा एकुलता मुलगा, माझा नवरा, रंजीचा पप्पा. पोळ्याच्या आधी तो गेला. आता होळी होऊन गेली होती आणि अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत ते चित्र व्हायला हवं होतं.

तांड्यावर पितरांचं सगळं दिवाळीच्या अमासेला होतं. पण मानोऱ्यात राहायला आल्यापासून गावची चालही आमच्या घरात शिरली. अखजीला नवी घागर भरायची. वर्षात जे माणूस गेलं ते या दिवशी पितरांत मिळतं. घागरीशेजारी पाटावर त्याचा फोटो ठेवायचा, त्याला पाण्याने न्हाऊ घालायचं, कुंकू लावायचं, चिंचोणी, म्हणजे चिंचेचं गोड सार, आणि पोळीचा घास दाखवायचा. सासूबाईंचा यावर फार जीव. फोटोतला चेहरा बरोबर नसला तर माणूस दारापर्यंत येऊन परत जातं, असं त्या म्हणतात. त्याला वाटतं, हे घर आपलं नाही, इथं कोणा दुसऱ्याचीच वाट पाहून राहिले.

मामाजींनी आयुष्यभर हेच केलं, लोकांची गेलेली माणसं घरी आणली. ते कसं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

त्यांचा जन्म तांड्यावरचा. कोळशाने घरांच्या भिंती भरवल्या म्हणून मार खायचे. आश्रमशाळेतल्या एका मास्तरांनी तो कोळसा पाहिला आणि मामाजी चित्रकलेचा डिप्लोमा करायला अमरावतीला गेले. करून परत आले. मास्तरकी मात्र लागली नाही. का लागली नाही हे ते सांगत नाहीत, सासूबाई सांगायला लागल्या की उठून बाहेर जातात. मग दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवर भारताचा नकाशा, निवडणुकीत पंजा, कमळ, सायकल, ज्याचं सांगितलं त्याचं. आणि मधल्या वेळात चेहरे.

त्या काळी तांड्यावर कोणाचा फोटो नसायचा. म्हातारं माणूस गेलं की त्याचं तोंड कसं होतं हे दोन पिढ्यांत पुसलं जायचं. मामाजी त्या घरी जायचे, फळी-कागद बाजूला ठेवायचे आणि घरच्यांना ओळीने बसवायचे. मग विचारायचे, "नाक कोनात हाय त्याचं?"

झालं. घरात भांडण सुरू.

"ह्या गोविंदसिंगात हाय."

"गोविंदसिंगचं कायचं? त्याचं त भज्यावानी हाय! थोरल्या बाईचं पाहा, पेंटर."

"थोरलीचं नाक मायकडचं हाय, उगी बोलू नको!"

अर्धा दिवस हे चालायचं. रडत आलेली माणसं शेवटी हसायला लागायची. मामाजी ऐकत राहायचे आणि एकेक घेत जायचे. हनुवटी एका मुलाची, कपाळ बहिणीचं, कान भाच्याचे. जिवंत माणसांतून असं गोळा करत करत मेलेलं माणूस कागदावर यायचं. ज्याचं काही घेतलं त्याच्या तोंडात गुळाचा खडा द्यायचे, म्हणजे गेलेलं माणूस तेवढ्यावर भागवतं, बाकीचं मागत नाही. लेकरांचं मात्र ते काही घ्यायचे नाहीत. "लेकराचा चेहरा अजून त्याचाच झाला नसते," म्हणायचे. तांड्यांवर या कामाला 'चेहरा मागणं' असंच नाव पडलं. पेंटर चेहरा मागाले येऊन राह्यला म्हटलं की बाया तोंड धुऊन, फणी करून बसायच्या.

हे चेहरे पाण्याच्या रंगात, डिंक घालून केलेले. आणि लोक अखजीला त्यांना खरोखर न्हाऊ घालायचे. काच काढून, ओल्या फडक्याने. एखादी भोळी म्हातारी तर तांब्यानेच. दरवर्षी थोड्या भुवया जायच्या, थोडं नाक जायचं. अखजी झाली की मामाजींच्या दारात माणसं उभी.

"पेंटर, आमचा बुढा धुपला."

"किती धुपला?"

"मिश्या गेल्या पुऱ्या. बाईवानी दिसून राह्यला."

ते पुन्हा त्या घरी जायचे, पुन्हा सगळ्यांना ओळीने बसवायचे. विनोदने लहानपणी त्यांना विचारलं होतं, "बाबा, ऑइल पेंट काहून नाही लावत? पक्कं राहीन नं." तर म्हणाले, "पक्कं झालं की मानूस भिंतीले चिकटते. मंग त्याच्याकडं कोनी पाहत नाही. धुपते म्हनून आठवते." हे विनोद मला हसत हसत सांगायचा. पण सांगताना आवाज खाली यायचा त्याचा.

त्यांची स्वतःची चित्रंही होती. ती कोणी मागितलेली नव्हती, म्हणून ती ऑइलमध्ये, पत्र्यावर. मंगरूळपीरकडे जाणारा रस्ता, उन्हाळ्यातले उघडे डोंगर, ऊसतोडीला जाणाऱ्या ट्रकवर चढलेल्या बाया, मागे राहिलेली कुत्री. एकदा त्यातले काही पत्रे एसटीच्या टपावर बांधून ते नागपूरला प्रदर्शनात घेऊन गेले. तिथल्या एका साहेबाने म्हटलं, तुम्ही बंजारा ना, मग आरसे, टिकल्या, भरतकाम असं काही काढा, ते चालतं. मामाजी म्हणाले, "मी जे पाह्यतो ते काढतो." त्यांचा एक पत्रा संडासाला जायच्या बोळीत लागला. बाकीचे तसेच बांधलेले परत आले.

ते पत्रे कुठे आहेत म्हणाल, तर आमच्या न्हाणीला. सासूबाईंनी आडोशाला ठोकून घेतले, रंगाची बाजू आतून. रोज सकाळी मी त्या डोंगरांत अंघोळ करते. ट्रकवरच्या बायांच्या पायांना आता गंज चढला आहे.

मग फ्लेक्स आला. पाट्या गेल्या, भिंती गेल्या, पंजा-कमळही गेलं. चेहरेसुद्धा गेले, कारण आता प्रत्येकाकडे मोबाईलमध्ये फोटो. आणि मानोऱ्यात फ्लेक्सची मशीन टाकली कोणी, तर विनोदनेच. दुकानाला नाव दिलं 'सेवादास आर्ट्स'. बाबा खूश होतील असं त्याला मनापासून वाटलं होतं. मला ठाऊक आहे, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी विनोद तो बोर्ड तीनतीनदा पुसत होता.

मामाजी दुकानात एकदाच गेले. विनोद कॉम्प्युटरवर कोणाच्या तरी आजीच्या फोटोचं काम करत होता.

"हे काय करून राह्यला?"

"सुरकुत्या काढून राह्यलो, बाबा. लोकायले असंच पाह्यजे."

मामाजी थोडा वेळ पाहत राहिले. म्हातारीचं कपाळ ताटासारखं सपाट होत गेलं. "म्या लोकायच्या सुरकुत्या काढल्या," ते म्हणाले, "आन् तू बी काढतं." आणि घरी आले.

त्यानंतर त्यांनी विनोदकडे मान वर करून पाहिलं नाही. भांडण नाही, शिवी नाही. दोन खोल्यांचं घर, ताटाला ताट लागतं, तरी ते खाली पाहूनच असायचे. "रंजे, तुह्या बापाले सांग, नळ आला." बाप शेजारीच बसलेला.

"बाबाले मी दिसतच नाही वं," विनोद एकदा मला म्हणाला. "तुले दिसतो नं?"

"तुमी त म्हशीवानी आडवे उभे हा. न दिसाले काय झालं?"

खूप हसला तो. अशी मस्करी मी रोज करायची, त्याला आवडायची.

एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं बॅनर चौकात बांधताना लोखंडी फ्रेम वरच्या विजेच्या तारेला लागली. एवढंच. मला यापेक्षा जास्त लिहिता येत नाही. ते बॅनर नंतर कितीतरी दिवस तसंच होतं, त्यावरची सगळी तोंडं हसत होती.

दुकानातला त्याचा जोडीदार हरीओम मनाने चांगला पोरगा. त्याने श्रद्धांजलीचा फ्लेक्स केला, घरी लावायला फोटोही फ्रेम करून आणला. निळा कोट, लाल टाय, मागे हिरवे डोंगर आणि धबधबा. सासूबाई पाहतच राहिल्या.

"हा कोन विमेवाला आनला रे?"

"काकू, विनोदच हाय. फेस तोच हाय, पाहा नं."

"मंग याच्या तोंडाले पावडर कोनं लावली?"

हरीओमचा दोष नव्हता. माझ्या मोबाईलमधले विनोदचे सगळे फोटो तसेच आहेत. धंद्यातला माणूस, त्याला स्वतःचाही फोटो गोरा केल्याशिवाय चैन पडायचं नाही. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये तर दोघंही पिठात लोळून आल्यासारखे. सासूबाईंनी तो कोटवाला फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि मामाजींना म्हणाल्या, "बुढ्या, तू काढ. साऱ्या दुनियेचे काढले, आता त्याचा काढ." दिवाळी गेली, संक्रांत गेली. आणि आज हा ब्रशचा आवाज.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. सपरीत एक नवा पत्रा भिंतीला टेकवला होता, पांढरा हात मारलेला. मामाजींचा उजवा हात विनोद गेल्यापासून थरथरतो. तो त्यांनी डाव्या हातात धरून ठेवला होता, रडणाऱ्या पोराला धरावं तसा.

"मामाजी, हे त ऑइल हाय," मी म्हटलं. "तुमी चेहरे कधी ऑइलमध्ये..."

"पुढच्या अखजीले हा हात राह्यते का नाही कोनाले माहीत? धुपला त मंग कोन काढीन?"

त्यांनी स्टूल पत्र्यासमोर ओढलं.

"चल, बोलाव बुढीले. तोंड तिचं होतं त्याले."

सासूबाई खरंच तोंड धुऊन, फणी करून आल्या. पदर सावरून स्टुलावर बसल्या. आयुष्यभर नवऱ्यासमोर लोकांच्या बाया अशा बसलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या, स्वतः बसायची पाळी पहिल्यांदाच आली.

"तोंड बंद ठेव," मामाजी म्हणाले.

"माह्या विनोदचं तोंड कधी बंद होतं का?"

"काढू देशीन का नाही?"

"काढ बापा, काढ."

ओठ झाले. सासूबाईंनी गुळाचा खडा तोंडात धरला आणि तो विरघळेपर्यंत पदराने डोळे पुसत राहिल्या. नाक मामाजींचं स्वतःचं. विनोदचा दाढीचा आरसा मी खिळ्याला अडकवून दिला. ते आरशात पाहायचे आणि मान खाली घालायचे, पाहायचे आणि खाली घालायचे. कपाळही त्यांचंच. हनुवटी सासूबाईंच्या भावाची, तो धनजला राहतो, तो मुद्दाम एक दिवस येऊन बसून गेला.

मग मामाजींनी तो जुना प्रश्न विचारला. "डोळे कोनात हाय त्याचे?"

सगळ्यांना माहीत होतं. रंजी समोर बसून रंगाच्या रिकाम्या डब्यांचा मनोरा करत होती.

"नाही मामाजी," मी म्हटलं. "लेकराचं काही घ्यायचं नाही, हे तुमीच ठरवलं."

"देऊ दे नं वं," सासूबाई म्हणाल्या. "बाप होता तो तिचा. कोनी परका हाय का?"

"बाप होता म्हनूनच नाही."

मी एवढ्या जोरात बोलले की रंजीने मनोरा सोडून माझ्याकडे पाहिलं. मामाजींनी हात वर केला. "बरोबर बोलून राह्यली ते. नाही घेत. निता, तूच सांग मंग. तू पाह्यलं त्याले."

म्हणून मी सांगायला बसले. रोज दुपारी, रंजी झोपली की. डावी पापणी जराशी खाली असायची. थकला की आणखी खाली. कॉम्प्युटरमधून मान वर काढली की ओळखायला क्षणभर वेळ लागायचा, जसा काही तो कुठून तरी लांबून येतो आहे. संध्याकाळी डोळे लाल. खोटं बोलताना उजवीकडे बघायचा, म्हणून मला नेहमी कळायचं.

"गोल का लांबट?" मामाजी विचारायचे.

"लांबट. नाही, गोलच. हसला की लांबट."

ते काढायचे, लांबून पाहायचे, माझ्याकडे पाहायचे. मी मान हलवायची. ते फडक्याने पुसायचे. पुन्हा. पुन्हा. किती जोड्या पुसल्या कोण जाणे. प्रत्येक जोडी पुसायच्या आधी माझ्याकडे बघून जायची. काही दिवसांनी असं व्हायला लागलं की मी डोळे मिटून विनोदला आठवायला जायची आणि समोर यायचे ते फडक्यावर पुसलेले. आधी मला ते डोळे दिसत होते म्हणून मी सांगत होते. आता सांगितलेलंच फक्त दिसत होतं. पाणी काढून काढून विहिरीचा चिखल लागावा तसं.

"मामाजी, तुमी सांगा नं," एक दिवस मीच वैतागून म्हटलं. "तुमी बाप हा. माह्यापेक्षा जास्त वर्षं पाह्यलं तुमी."

त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"मले त्याच्या पायाची बोटं आठवते," ते म्हणाले. "डाव्या अंगठ्याचं नख काळं होतं. चप्पल टाचीकडून झिजे. पँटीच्या मोहरीले रंगाचा डाग होता, हिरवा. हे काढाले सांग, आत्ता काढून देतो. वर पाह्यलंच नाही म्या, बाप्पा. तालुक्यातल्या मेल्या मानसायचे डोळे मले पाठ हाय."

मी उठून त्यांच्यासाठी चहा ठेवला. दुसरं काय करणार होते.

त्यानंतर चारेक दिवसांनी मी नाल्यावरून धुणं घेऊन आले, तर सपरीत स्टुलावर रंजी बसली होती. गालात गुळाचा खडा. एका जागी कधी न बसणारी माझी पोर, पाय लोंबकळवून, हात मांडीवर ठेवून, एकटक आजोबांकडे पाहत होती. आणि मामाजींचा हात थरथरत नव्हता. ब्रश पत्र्यावर सरळ, हळू, न चुकता चालला होता. ते मान वर करून तिच्याकडे पाहत होते, पुन्हा पुन्हा पाहत होते, पोटभर पाहत होते.

मला ओरडायला हवं होतं. ओलं धुणं खांद्यावर घेऊन मी दारातच उभी राहिले. पाणी पाठीवरून गळत होतं.

"आई," रंजी मला पाहून न हलता म्हणाली, "आबाजीनं माहे डोळे घेतले. दुखलं नाही."

चित्र झालं, वाळलं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि मटकन खाली बसल्या. "आला वं माहा विनोद," म्हणून रडल्या, आणि रडता रडता त्याच्या ओठांवरून बोट फिरवत राहिल्या. हरीओम आला, म्हणाला, "हुबेहूब! काका, असं कॉम्प्युटरवर बी नाही जमत." विनोदचा धनजचा मामा आला, त्याला हनुवटी पटली. शेजारच्या मेहरबी दारातूनच पाहून म्हणाल्या, "हाय अल्ला, आत्ता बोलंल का काय!" ज्याला त्याला त्यात आपलं आपलं सापडत होतं.

माझं त्यात काहीच नव्हतं. बायकोचं नाक नवऱ्याला नसतं, बायकोचे ओठ नसतात. म्हणून मला एकटीला नीट दिसत होतं. तो एक चांगला, शांत माणूस होता. सासूबाईंच्या तोंडाचा, मामाजींच्या कपाळाचा, पाच वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांचा. माझ्याशी मस्करी करणारा तो नव्हता.

सगळे गेल्यावर मामाजींनी विचारलं, "झाला का, निता?"

"हो, मामाजी."

"उजवीकडं पाहून राह्यली तू."

मी चमकले. मग मलाही रडू आलं. "नाही झाला, मामाजी. पण राहू द्या. मामीजीले पटला, बस झालं. पुढच्या वर्षी पुन्हा..."

"पुढच्या वर्षी काय? ऑइल हाय ते." त्यांनी अंगठ्याने पत्र्याची कड घासून दाखवली. "पान्यानं नाही जात, घासलेटानं नाही जात. आता हाच विनोद."

"मंग दुसरा काढू आपण. नवीन पत्र्यावर."

त्यांनी ब्रश माझ्या हातात दिले. सगळे, फडक्यात गुंडाळून. "चुलीत घालजो," म्हणाले, आणि अंगणात जाऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. तेव्हापासून ते तसेच असतात. जेवायला उठतात. मान आता कोणाकडेच वर होत नाही, रंजीकडेही नाही. ती जाऊन त्यांच्या पाठीवर बोटाने काहीबाही काढत बसते. ते काढू देतात.

अखजीला उन्हाने छपराचे पत्रे तडतडत होते. कुंभाराकडून नवी घागर आणली, वर खरबूज ठेवलं. चिंचोणी, पोळी, कुरडया. पाटावर ते चित्र. सासूबाईंनी तांब्या भरून घेतला आणि लहानपणी विनोदला घालत असतील तसं हळूहळू, कपाळावर आडवा हात धरून, चेहऱ्यावर पाणी ओतलं. डोळ्यांत जाऊ नये म्हणून.

पाण्याचे थेंब झाले, घरंगळले, पाटावरून जमिनीवर आले. चेहऱ्याला काही झालं नाही. कपाळ तसंच, ओठ तसेच, डोळे तसेच चकचकीत, उलट धुतल्यामुळे जास्तच. सासूबाई समाधानाने म्हणाल्या, "पाह्य, पक्का हाय माहा लेक." त्यांनी कुंकू लावलं, घास दाखवला, हात जोडले. मामाजी अंगणातून आले नाहीत.

मीही हात जोडले आणि डोळे मिटले. मनात म्हटलं, तुम्ही या. जसे होता तसे या, एकदाच. मिटल्या डोळ्यांपुढे पाटावरचाच माणूस आला, न्हालेला, कुंकू लावलेला. मी डोळे घट्ट दाबले, तरी तोच. मग मोबाईलमधला गोरा आला. मग पुन्हा पाटावरचा.

रंजी माझ्या मांडीला येऊन बिलगली. तिने चित्राकडे निरखून पाहिलं. मग माझी हनुवटी आपल्या दोन्ही हातांत धरून तिने माझं तोंड स्वतःकडे वळवलं.

"आई, ह्याले त आबाजीनं माहे डोळे देल्ले," ती म्हणाली. "मंग पप्पाचे सोताचे कसे होते?"